कानामागची जागा

आमच्या भाऊजींना डाग सहन होत नाही, हे आम्हाला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. ताईला बघायला आले तेव्हा चहाचा कप त्यांनी आधी खिडकीच्या उजेडाकडे धरला, सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला आणि मग तोंडाला लावला. आईला वाटलं, कप नीट विसळला गेला नाही. ती पुढे कितीतरी दिवस धुसफुसत होती. ताई मात्र हसत होती. म्हणाली, "कामाची सवय आहे ती, त्यात काय एवढं."

काम म्हणजे बाटल्यांच्या कारखान्यातली तपासणी. काचेच्या बाटल्या पट्ट्यावरून एकीमागून एक येणार, त्यांच्या पाठीमागे पांढरा उजेड आणि समोर स्टुलावर भाऊजी. काचेत बुडबुडा दिसला, खडा दिसला, गळ्याशी चीर दिसली, की बाटली उचलून खालच्या पेटीत टाकायची. ती परत भट्टीत जायची. उरलेल्या पुढे सरकायच्या. आख्खी नोकरी त्यांनी ह्या एका कामावर काढली. बढती चालून आली होती, पण बढती म्हणजे टेबल आणि कागद, आणि कागदात काही त्यांचा जीव रमणार नव्हता. ताई म्हणाली, नको तर नको. तिचं सगळ्यालाच असं असायचं.

मी बस डेपोत चौकशीच्या खिडकीत बसते. दिवसभर तीच तीच उत्तरं देऊन माझं तोंड फटकळ झालंय, हे मला माहीत आहे. तेव्हा भाऊजींबद्दल मी जे सांगणार ते तिखट वाटलं तर वाटू दे. माणूस वाईट नाही. सगळी पंचाईत तिथेच आहे. वाईट असता तर चार शिव्या हासडून मी कधीच मोकळी झाले असते.

त्यांना मूलबाळ झालं नाही. त्यामुळे नोकरी संपल्यावर घरात दोघंच आणि भाऊजींना करायला काही नाही. डोळे आणि हात रिकामे. पहिले काही महिने त्यांनी ताईचं स्वयंपाकघर तपासलं. ही वाटी चेपलीय, ह्या ताटाला चरा गेलाय, हा डबा नीट बसत नाही. ताईच्या डोक्यावरून पाणी गेलं तेव्हा तिनेच सांगितलं, एक कॉम्प्युटर घ्या आणि त्या मागच्या खोलीत बसा, माझ्या भांड्यांच्या मागे लागू नका.

मागच्या खोलीत खिडकीशी ताईचं शिवणाचं मशीन होतं. ते भिंतीला गेलं आणि त्या जागी कॉम्प्युटर आला. त्यावर ताईने उरलेल्या कापडाचं झाकण शिवून दिलं. भाऊजी एका ओळखीच्या माणसाकडे जाऊन फोटोंचं सगळं शिकून आले आणि बघता बघता आमच्या आख्ख्या गोतावळ्याचे फोटोवाले झाले. कुणाचा फोन भरला की तो भाऊजींकडे यायचा. ते वायर जोडायचे, सगळे फोटो आपल्याकडे उतरवून घ्यायचे आणि फोन रिकामा करून परत द्यायचे. "घ्या, हलका करून दिला," म्हणायचे. लोक खूश. मीसुद्धा. नाहीतर ते हजारो फोटो कोण चाळत बसणार होतं?

मग त्यांची निवड सुरू व्हायची. हललेला फोटो गेला. डोळे मिटलेला गेला. कुणाचं बोट मध्ये आलेला गेला. एकाच प्रसंगाचे धडाधड काढलेले दहा असले तर त्यातला एक ठेवायचा, बाकीचे गेले. राहिले ते वर्ष, महिना, प्रसंग असे फोल्डर करून लावायचे. त्यांचा एक नेम होता, एका फोटोची एकच प्रत. सुधारलेला फोटो जुन्याच्याच जागी सेव्ह करायचा. मूळचाही ठेवा ना, असं माझा मुलगा एकदा म्हणाला, तर म्हणाले, "चांगला असताना वाईट कशाला सांभाळायचा? दोन ठेवले की घोळ झालाच म्हणून समज." तुम्ही नुसतं म्हणा, मामाकडे गेलो होतो आणि गाडी बंद पडली होती तेव्हाचा. तुमचा चहा संपायच्या आत तो फोटो समोर यायचा.

आणि सुधारणा म्हणजे काय विचारू नका. तिरकी भिंत सरळ. आकाशातून गेलेली वायर गायब. कडेला आलेला परका माणूस कापून बाहेर. आणि चेहऱ्यांवरचे डाग. त्यासाठी एक ब्रश असतो. म्हणजे पडद्यावर एक वर्तुळ येतं. ते डागाएवढं करायचं, डागावर न्यायचं आणि दाबायचं. शेजारची चांगली कातडी त्यावर पसरते आणि डाग जातो. माझ्या मुलाच्या गालावरच्या पुटकुळ्या त्यांनी अशाच एकेक करून काढल्या होत्या. पोरगं इतकं खूश, की मावशीकडे जायचं म्हटलं की आधी केस विंचरून तयार. हे काम करताना भाऊजी बारीक गुणगुणायचे. ताई म्हणायची, सुखी आहेत, गुणगुणू दे.

एकदाच ती चिडली. पुतण्याच्या लग्नातले फोटो होते. भाऊजींनी ताईच्या कपाळावरच्या आठ्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, हनुवटीखालचं सैल झालेलं, सगळं साफ करून टाकलं होतं. ताईने चष्मा लावला, पडद्याशी वाकून पाहिलं आणि विचारलं, "ही कोण बाई?"

"अगं, तूच."

"मी नाही ही. माझ्या तोंडावरची एक रेघ फुकट आलेली नाही. पुन्हा माझ्या तोंडाला हात लावलात तर हे खोकं भंगारात देईन."

पुढे बरेच दिवस तिने त्यांना फक्त जेवा, झोपा, एवढंच म्हटलं. भाऊजी फार हळवे झाले होते. त्यांनी तिला शब्द दिला, की तुझ्या तोंडाला मी पुन्हा हात लावणार नाही. तो त्यांनी पाळला, हेही खरं आहे. तोंडाला नाही लावला.

गेल्या वर्षी ताई पहिल्यांदाच केस रंगवायला पार्लरमध्ये गेली. रंग धुऊन झाल्यावर पार्लरवालीने केस वर घेतले आणि म्हणाली, काकू, तुमच्या कानामागे हे काय आहे, काळं? ताईला स्वतःला ते दिसणं शक्यच नव्हतं. डाव्या कानामागे, मान सुरू होते तिथे, केसांच्या आडोशाला. मी त्या दिवशी तिच्याकडेच होते. घरी येऊन तिने मला दाखवलं. मी केस बाजूला करून पाहिलं. काहीतरी काळपट होतं खरं. पण आजूबाजूला रंग लागलेला होता, कानाची पाळीसुद्धा काळी झाली होती. मी म्हणाले, डायच वाटतोय मला.

"थांब," ताई म्हणाली, "गेल्याच आठवड्यात आपण सगळे जमलो होतो ना, त्यातला फोटो बघू. मी मान वळवून बसलेय त्यात."

भाऊजी कॉम्प्युटरसमोरच बसलेले होते. त्यांनी फोटो काढला. ताईने सांगितलं म्हणून मोठाही केला. मान स्वच्छ. केसांखालची शीर दिसत होती, एवढी स्वच्छ.

"बघ," ताई म्हणाली, "काहीच नाही. डायच आहे. त्या पोरीने नीट पुसलं नाही."

"डायच असेल," भाऊजी म्हणाले.

आणि आम्ही दुसऱ्या विषयावर गेलो. ताईने दोनचार वेळा साबणाने घासलं असेल. मग तिच्याही डोक्यातून गेलं. कारण तिला ते दिसतच नव्हतं आणि ज्यांना दिसत होतं ते गप्प होते.

काही महिन्यांनी मानेला गाठ आली. तीही ताईने अंगावरच काढली होती, पण ती वाढायला लागली तशी मी हात धुवून मागे लागले आणि तिला डॉक्टरांकडे नेलं. त्या डॉक्टरांनी कातडीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. बाई तरुण होत्या, बोलायला शांत. त्यांनी ताईचा कान पुढे दुमडला, भिंग लावलं आणि ती जागा सगळ्या बाजूंनी पाहिली. मग विचारलं, "हे कधीपासून आहे?"

"पार्लरवालीला दिसलं तेव्हापासून," ताई म्हणाली. "त्याच्या आधी नव्हतं."

"नक्की? जुने फोटो आहेत का? किती वेगाने वाढलं, ते कळलं तर बरं."

ताईचा चेहरा असा उजळला, की मला अजून दिसतो. "फोटो? अहो, फोटोंना काय तोटा? ह्यांनी सगळ्या घरादाराचे लावून ठेवलेत, वर्षावर्षाचे. सांगाल त्या महिन्यातला काढून देतील." आणि तिने भाऊजींकडे पाहिलं. तपासायच्या टेबलावर बसूनसुद्धा तिला नवऱ्याचं कौतुक सुचत होतं. भाऊजी त्यांच्या बुटांकडे बघत होते. मला वाटलं, घाबरलेत बिचारे.

तुकडा काढून तपासायला दिला. कातडीचा कॅन्सर निघाला. गाठीत पोचलेला होता आणि पुढच्या तपासण्यांत कळलं की फुप्फुसातही पोचलेला आहे. डॉक्टरांनी मला आणि भाऊजींना बाहेर बोलावून सांगितलं, की औषधं देऊ, पण मोठी आशा धरू नका. मी विचारलं, लवकर आलो असतो तर? त्या म्हणाल्या, लहान असताना आला असतात तर तेवढी जागा काढून टाकली असती, टाके घातले असते आणि त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. भाऊजी भिंतीला टेकले. मी डॉक्टरांकडेच बघत होते, त्यामुळे मी त्यांच्याकडे नीट पाहिलंही नाही.

त्याच संध्याकाळी घरी, जिन्याच्या पायरीवर बसून, त्यांनी मला सांगितलं.

"छोटे, तो आधीपासून होता."

मला सगळे छोटीच म्हणतात. मी म्हणाले, "काय होतं?"

"डाग. मी पुसायचो."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं, काही न लपवता, अगदी शांतपणे. कितीतरी वर्षांपूर्वी एका फोटोत ताईच्या कानामागे तपकिरी ठिपका दिसला. तोंडाला हात लावायचा नाही असा शब्द होता, पण ही तर मान. एक टिचकी मारली, गेला. पुढच्या फोटोत पुन्हा होता, पुन्हा काढला. मग जिथे जिथे तिची ती बाजू यायची तिथे तिथे हात आपोआप जायचा. आधी वर्तुळ लहानात लहान ठेवलं तरी पुरायचं. मग मोठं करावं लागायला लागलं.

"वाढतोय हे तुम्हाला कळलं नाही?"

"दिसत होतं," ते म्हणाले. "कळलं नाही."

"आणि त्या दिवशी? पार्लरमधून आली तेव्हा? तुम्ही तिथेच बसला होतात, भाऊजी."

"सांगितलं असतं तर चोरून हात लावला हे कळलं असतं तिला. पुन्हा बोलणं बंद केलं असतं. मला वाटलं, डायच असेल. खरंच वाटलं. म्हणजे, वाटून घेतलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते इथे सांगत नाही. जन्मात कुणाला बोलले नसेन असं बोलले. जिन्यावरून जाणारी शेजारीण वळून परत गेली. शेवटी मी म्हणाले, तिला आजच्या आज सांगा. ती मरणार आहे ती कशामुळे, हे कळायचा हक्क आहे तिला. ते म्हणाले, सांगतो.

सांगितलं नाही. मी रोज विचारायचे आणि ते रोज म्हणायचे, सांगतो. मग त्यांना मूळ फोटो हवेसे झाले. नुसतं तोंडाने सांगून काय, दाखवायला तर काही हवं. त्यांनी एकेका नातेवाइकाला फोन केले, जुन्या फोनमध्ये काही आहे का, कुणाला पाठवलेलं आहे का. कुठून असणार? सगळ्यांचे फोन ह्यांनीच हलके करून दिलेले. सगळ्यांनी तेच सांगितलं, अहो, तुमच्याकडेच आहे ना सगळं.

औषधांनी ताई पार वाळली. केस गेले. कानामागची जागा आता उघडी होती, पट्टी लावलेली. पण बरं वाटेल त्या दिवशी ती मागच्या खोलीत जाऊन बसायची आणि फोटो बघायची. मला वाटायचं, जुन्या दिवसांत मन रमवतेय. भाऊजी तेव्हा त्या खोलीत थांबत नसत, काहीतरी निमित्त काढून बाजारात जायचे.

एका सुट्टीच्या दिवशी दुपारी मी गेले तर ताई झोपली होती. भाऊजींनी मला मागच्या खोलीत बोलावलं. "झालं," म्हणाले. "आता सांगता येईल."

त्यांनी एक फोटो उघडला. मामाच्या घरासमोरचा. ताई वळून कुणाला तरी हाक मारतेय आणि तिच्या कानामागे तपकिरी ठिपका. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"हा सापडला कुठे?"

"सापडला नाही. काढला मी."

आदली रात्रभर जागून त्यांनी डाग परत रंगवला होता. एका फोटोत नाही, तिची ती बाजू दिसत असलेल्या प्रत्येक फोटोत. ते एकेक पुढे नेत गेले. ठिपका मसुराच्या दाण्याएवढा. मग त्याची एक कड पसरलेली. मग मध्ये काळा, बाजूने लालसर. "ह्यात एवढाच होता," ते म्हणायचे. "इथे खालून वाकडा व्हायला लागला होता. ह्या लग्नात बघ, अचानक वाढलेला." एक फोटो माझा आणि ताईचा होता. मी मागून तिच्या गळ्यात हात टाकलेले आणि माझा गाल बरोबर त्या डागाशेजारी. आता तो दिसल्यावर फोटोत मला दुसरं काही दिसेना.

"तुम्हाला प्रत्येक फोटोतला आठवतोय?"

"प्रत्येक," भाऊजी म्हणाले. "उठली की दाखवतो आणि सांगतो. तू थांब फक्त."

तेवढ्यात आतून ताईने पाणी मागितलं. मी गेले, तिला उशी देऊन बसवलं, पाणी पाजलं. तिने माझा हात धरून ठेवला.

"छोटे, एक सांगू? सुरुवातीला मला झोपच लागायची नाही. पडल्या पडल्या एकच चालायचं डोक्यात, माझं काय चुकलं. कधी दुर्लक्ष केलं मी, कधी जायला हवं होतं डॉक्टरांकडे. मग मी सगळे फोटो पाहिले. एकेक, मोठे करून. कुठेच नाही गं काही. अगदी परवापरवापर्यंत मान साफ. म्हणजे आलं ते असं अचानक आलं. कुणी काही करूच शकलं नसतं." तिने दम घेतला. "तेव्हापासून झोप लागते बघ मला. राग नाही आता कुणावर. स्वतःवर पण नाही."

मी तिच्या पायांवर पांघरूण घातलं आणि मागच्या खोलीत येऊन दार लोटलं.

"पुसा," मी म्हणाले.

"काय?"

"तो डाग. सगळ्या फोटोंतला. ती यायच्या आत पुसा."

"अगं, पण तूच तर रोज—"

"मीच म्हणत होते. आता मीच सांगतेय, पुसा."

ती काय म्हणाली ते मी त्यांना सांगितलं. मग भाऊजी खुर्चीत बसले, माऊस धरला आणि वर्तुळ डागाजवळ नेलं, पण बोट दाबेना. वर्तुळ ताईच्या खांद्यावर जात होतं, केसांवर जात होतं. "माझ्याने नाही होत, छोटे," ते म्हणाले आणि उठून उभे राहिले. मग मी बसले. मला त्यातलं काही येत नाही. भाऊजी मागे उभं राहून हलक्या आवाजात सांगत होते, वर्तुळ मोठं कर, अजून थोडं, आता दाब, सेव्ह कर, पुढचा. एकेक डाग जात होता आणि मी त्यांना इतके दिवस जे जे बोलले होते ते सगळं माझ्या बोटाखालून जात होतं. माझ्या गालाशेजारचा मी सर्वांत शेवटी पुसला.

भिंत धरत धरत ताई दारात आली. "काय चाललंय दोघांचं?"

"फोटो बघतोय," मी म्हणाले.

ती माझ्या खुर्चीच्या पाठीला टेकली आणि वाकून पडद्याकडे पाहत राहिली. तिचा श्वास माझ्या कानाला लागत होता. "बघ," ती म्हणाली, "ह्यातही नाही. असता तर ह्यांना दिसला नसता का? माझ्याकडे माझ्यापेक्षा हेच जास्त बघत आलेत."

भाऊजी म्हणाले, "हो." आणि तिला परत आत न्यायला त्यांनी हात पुढे केला.